न फिरवलेली इंजिनं

आमच्या कारखान्यात त्याला सगळे पावआटा म्हणायचे. आपण बोल्ट आवळून पाना खाली ठेवला की मागून हा म्हणणार, "अजून पाव आटा बसेल." आणि तो बसायचा. अठ्ठावीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या टेबलावर काम केलं. त्याचा पाव आटा फुकट गेलेला मी पाहिला नाही आणि त्याच्या हातून आटा मोडलेलाही पाहिला नाही.

उंचीनं बेताचा, खांद्यानं रुंद. बोलणं कमी. कामाबद्दल बोललाच तर आकड्यांत. कुणी म्हटलं, आज फार राबलो, की हा विचारायचा, किती तास? कुणी म्हटलं, वजन भलतंच होतं, की हा विचारायचा, किती किलो? त्यामुळे त्याच्याशी गप्पा मारायला फारसं कुणी जायचं नाही. मी जायचो, कारण मलाही तीच खोड आहे.

आम्ही दोघं जोडणी विभागात फिटर होतो. कारखाना लष्करासाठी चिलखती गाड्या बनवायचा. एका वर्षी चौदा गाड्या जास्तीच्या बनवायचा हुकूम आला. त्या आपल्या लष्करासाठी नव्हत्या. पलीकडच्या एका देशाला त्या हव्या होत्या आणि आपलं सरकार त्या विकण्याच्या विचारात होतं. आधी बनवा, तोवर आमचं ठरेल, असं वरून सांगितलं गेलं. आम्ही अकरा महिन्यांत बनवल्या. चौदाही इंजिनं पावआट्यानं बसवली. सरकारचं ठरलं नव्हतं.

मग दुसरा हुकूम आला. गाड्या शेड नंबर चारमध्ये ठेवा. लाकडी ठोकळ्यांवर चढवा, म्हणजे टायर बसणार नाहीत. होकार आल्यापासून दहा दिवसांत गाड्या फाटकाबाहेर पडल्या पाहिजेत. आणि घेणाऱ्यांची अट आहे की गाडी कोरी हवी, किलोमीटरचं आणि तासांचं, दोन्ही मीटरं शून्यावर. म्हणजे इंजिन एक मिनिटही सुरू करायचं नाही.

ज्यानं हे लिहिलं त्यानं इंजिन कधी हातानं उघडलं नसावं. उभं राहिलेलं इंजिन बसून राहत नाही, ते मरत असतं. वरचं तेल निथळून खाली जातं. सिलिंडरच्या भिंती उघड्या पडतात. दमट हवा आत शिरते. पिस्टन जिथं थांबला असेल तिथं गंजाची रेघ धरते. रबरी सील एकाच जागी दाबून राहतं आणि कडक होतं. दोन वर्षांनी बाहेरून रंग चकचकीत आणि आत भंगार.

गाड्यांची जबाबदारी पावआट्याकडे दिली होती. तो फोरमनकडे गेला आणि म्हणाला, महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं सुरू करू द्या. फोरमननं वर विचारलं. वरून आलं, विक्रीचा निर्णय होईपर्यंत गाड्या ना आपल्या, ना त्यांच्या, तेव्हा सुरू करण्याची परवानगी नेमकी कुणी द्यायची हे तपासलं जात आहे. ते शेवटपर्यंत तपासलंच जात होतं.

त्याला निवृत्त व्हायला तेव्हा साडेसहा वर्षं होती. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यानं मला जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. तो म्हणाला, विकायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, तो त्यांचा धंदा. पण त्यांचं ठरेपर्यंत ही चौदा मरता कामा नयेत. हो म्हणाले तर चौदाच्या चौदा आपल्या चाकांवर बाहेर जातील. नाही म्हणाले तरी आपल्या चाकांवरच दुसरीकडे जातील. दोरी बांधून एकही ओढत नेऊ देणार नाही.

पुढच्या सोमवारी तो पहार घेऊन शेडमध्ये गेला.

इंजिनाच्या तोंडाशी एक झाकण असतं, चार बोल्टांचं. ते काढलं की मुख्य दांड्याचं टोक दिसतं. त्यावर खोलगट पाना बसवून त्यात चार फुटी पहार घालायची आणि ओढायची. इंजिन हातानं फिरतं, मीटर हलत नाही. जागा अडचणीची, त्यामुळे एका ओढीत आठवा भाग फेरा व्हायचा. त्यानं ठरवलं होतं, दर आठवड्याला प्रत्येक इंजिन सव्वादोन फेरे. दोन फेऱ्यांत सगळीकडे तेल पोचतं. वरचा पाव अशासाठी की पिस्टन मागच्या जागी थांबू नये. म्हणजे एका इंजिनाला अठरा ओढी. चौदा इंजिनांना दोनशे बावन्न. आणि ही ओढ विहिरीच्या दोराची नव्हे. सहा सिलिंडरांचं डिझेल इंजिन दाब धरतं. अर्धी ओढ झाली की ते उलटं ढकलतं. तिथं श्वास रोखून उभं राहावं लागतं, दाब सुटेपर्यंत. झाकण काढण्यापासून परत लावण्यापर्यंत एका गाडीला पंचवीस मिनिटं. सगळा सोमवार त्यातच जायचा.

प्रत्येक गाडीच्या दारापाशी त्यानं तारेनं एक जाड कार्ड अडकवलं होतं. त्यावर तारीख आणि पुढं एक शब्द: फिरवलं. कार्ड भरलं की त्याच तारेत दुसरं.

सोमवारी संध्याकाळी त्याचा उजवा हात कामातून गेलेला असायचा. चहाचा कप तो डाव्या हातानं धरायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला एकदा म्हणाल्या, "एक सवत असती तर भांडले असते. या चौदा. आणि एकीला वगळतील तर शपथ." तो हसला. मग म्हणाला, वगळली की तीच रुसते.

इकडे सरकार विचार करत होतं.

आम्हाला ते वर्तमानपत्रातून आणि फोरमनच्या तोंडून कळायचं. पहिल्या वर्षी पलीकडच्या देशात गडबड होती, म्हणून थांबले. दुसऱ्या वर्षी आपल्याकडे मंत्री बदलले आणि नव्या मंत्र्यांना फाइल पहिल्या पानापासून वाचायची होती. तिसऱ्या वर्षी दोन खात्यांत वाद सुरू झाला. एक खातं म्हणे, हे शस्त्र आहे, तेव्हा त्याची परवानगी आम्ही द्यायची. दुसरं म्हणे, हे वाहन आहे, आम्ही द्यायची. मधला मार्ग म्हणून हुकूम निघाला की बंदुकीचा फिरता घुमट काढून ठेवा, मग ते नुसतं वाहन राहील.

त्या घुमटाला आम्ही टोपी म्हणायचो. एक टोपी नऊशे किलो. चोवीस बोल्ट. क्रेन शेडमध्ये नेण्यासाठी दाराची चौकट कापावी लागली. चौदा टोप्या काढायला आम्हा सहा जणांना एकोणीस दिवस लागले. आठ महिन्यांनी पत्र आलं की घेणाऱ्यांना टोपीशिवाय गाडी नको. चौदा टोप्या परत बसवल्या. पुढच्या वर्षी पुन्हा काढल्या, पुन्हा बसवल्या. मोजून सांगतो, तेराशे चव्वेचाळीस वेळा बोल्टाला पाना लागला आणि गाड्या जिथं होत्या तिथंच.

टीव्हीवर एक अधिकारी सांगत होते की सरकार या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार करत आहे. मी तेव्हा पावआट्याच्या घरी होतो. तो म्हणाला, "गाडीला बाजू चार. वरून-खालून धरल्या तर सहा. पाच वर्षांत सहा बाजू बघून होत नाहीत?"

त्याची मुलगी शाळेत शिकवते. ती तिथंच वह्या तपासत बसली होती. ती म्हणाली की बाबा, त्या देशात अशाच गाड्या लोकांच्या अंगावर घातलेल्या आम्ही पाहिल्यात, त्यामुळे विकल्या नाहीत तर उत्तमच. दोघांचं यावर आधीही झालेलं असावं, कारण वहिनी लगेच उठून आत गेल्या. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

"मग नाही म्हणा," तो तिला म्हणाला. "मी कुठं म्हणतो विकाच म्हणून? पण नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागतं. होही नाही, नाहीही नाही, आणि माझा खांदा चाललाय."

"मग तुम्ही फिरवणं सोडा ना. तुम्हाला कुणी सांगितलंय?"

त्यानं टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. आपण लावलेलं यंत्र आपल्या डोळ्यांदेखत मरू द्यायचं नाही, याला सांगावं लागतं का, असं त्याला वाटत असणार. मला तरी तसंच वाटतं.

निवृत्तीला अडीच महिने राहिले तेव्हा समिती आली. पाच जण. शेवटची तपासणी, यानंतर बैठकीत निकालच, असं सांगितलं गेलं. मोठे साहेब स्वतः त्यांना घेऊन शेडमध्ये आले. गाड्या बघून सगळे खूष झाले. मीटरं शून्यावर. रंगावर ओरखडा नाही. मग त्यांच्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी एक कार्ड हातात घेतलं. त्या कायद्याच्या बाजूनं आल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे फिरवलं म्हणजे काय?

पावआट्यानं सांगितलं. पहार आणून दाखवली. झाकण काढून एक ओढ ओढूनही दाखवली. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. मी मागं उभा होतो. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोकळा होता.

बाईंनी शांतपणे ऐकलं आणि लिहून घेतलं. मग साहेबांना म्हणाल्या की इंजिन आठवड्याला फिरवलं गेलं असेल तर ते वापरलेलं ठरतं. वापरलेल्या मालाच्या विक्रीचे नियम वेगळे, समितीही वेगळी. कोरा माल म्हणून हे प्रकरण पुढं जाऊ शकणार नाही. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

पावआटा म्हणाला, "बाई, सुरू केलेलं नाही. हातानं फिरवलंय."

"फिरलंय ना?" त्या म्हणाल्या. त्यांचा स्वर वाईट नव्हता. त्यांना खरंच एवढंच हवं होतं.

पुढचा आठवडा वाईट गेला. साहेबांनी फोरमनला बोलावलं, फोरमननं पावआट्याला. फोरमन त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, त्याला काका म्हणायचा. तो म्हणाला, काका, साधा कागद आहे. सहा ओळींचा. जोडणी झाल्यापासून आजपर्यंत इंजिनं फिरवलेली नाहीत, कार्डावरच्या नोंदी चुकीनं झाल्या आहेत, एवढं लिहून द्यायचं. समिती ते मान्य करेल, तसं बोलणं झालंय. गुरुवारी बैठक आहे. हो झालं तर दहा दिवसांत गाड्या बाहेर. तुम्हाला तेच हवं होतं ना?

या चौदा गेल्या तर पाठोपाठ चाळीस गाड्यांचं काम येणार होतं. वेल्डिंगमधले एकशे दहा जण कंत्राटावर होते. त्या चाळीस गाड्यांवर त्यांची नोकरी. त्यांचा पुढारी रोज पावआट्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. दमदाटी नाही. नुसता उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दादा, तुम्ही फिरवलीत हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. ते कुठं जातंय? कागदावर नसलं म्हणून झालेलं काम नाहीसं होतं का?"

पावआट्यानं मला विचारलं, तू काय करशील? मी म्हणालो, सही करेन. आज विचारलं तरी मी तेच सांगेन का, ते मला माहीत नाही.

त्यानं बुधवारी सही केली. मग फोरमननं कार्डं काढायला सांगितली. ती त्यानं स्वतःच काढली, चौदा ठिकाणी तार कापून. फोरमननं ती पाकिटात घालून नेली. पुन्हा कुणाला दिसली नाहीत. त्याबरोबर लेखी हुकूमही आला की इथून पुढं इंजिनांना हात लावू नये.

गुरुवारची बैठक झाली. निकाल कळायला सहा आठवडे लागले. या सहा सोमवारी तो शेडच्या दाराशी जाऊन परत यायचा.

निकाल असा होता. समितीनं कागद मान्य केला. इंजिनं फिरवलेली नाहीत, म्हणजे माल कोरा आहे, हे सिद्ध झालं. पण समितीत एक तांत्रिक सदस्य होते आणि त्यांनी सरकारच्याच नियमावर बोट ठेवलं. जे इंजिन एक वर्षाहून जास्त काळ न फिरवता उभं राहिलं असेल त्यात गंज धरलेला असणार असं मानावं, आणि ते उघडून तपासल्याशिवाय कुणालाही देऊ नये. ही तर सहा वर्षं फिरवलेली नाहीत. तसं तुमच्याच माणसानं लिहून दिलंय. तेव्हा चौदाही इंजिनं उघडा.

मी हे फोरमनच्या खोलीत ऐकलं. पावआटाही होता. तो खुर्चीवर बसला. कामाच्या वेळेत तो बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. फोरमन हात जोडून म्हणाला, काका, हा नियम आमच्या कुणाच्याच ध्यानात आला नाही. ते खरं होतं. नियमाचं पुस्तक त्याच्याच कपाटात होतं.

निवृत्तीला तेव्हा कामाचे पंधरा दिवस उरले होते. एक इंजिन उघडून, तपासून, परत बंद करायला दोन माणसांना तीन दिवस लागतात. नळीतून आत बघायचं एक यंत्र असतं, त्यानं ते अर्ध्या तासात झालं असतं. आमच्याकडे ते नव्हतं. मागवायला मंजुरी लागली असती, म्हणून कुणी नावच काढलं नाही. पावआटा म्हणाला, माझ्या हिशेबात पाच बसतात.

पहिलं आम्ही दोघांनी उघडलं. तपासनीस बाहेरून आला होता. हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद, बोटांना तेलाचा डाग नाही. आम्ही हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण, उचललं तेव्हा तो वाकला.

सहाही सिलिंडर आरशासारखे होते. भिंतीवर तेलाचा पातळ, सारखा थर. मी बोट फिरवून पाहिलं. कुठं रेघ नाही. डाग नाही. सील मऊ. सहा वर्षांचं उभं इंजिन काल जोडल्यासारखं. मी आयुष्यात बरीच इंजिनं उघडली. असं दुसरं पाहिलं नाही.

पावआट्यानं नुसतं बघितलं आणि हात पुसले.

तपासनीसानं बॅटरी मारून पुन्हा बघितलं. त्याला पटत नव्हतं. त्यानं लिहिलं: गंज नाही. पुढच्या रकान्यात कारण लिहायचं होतं. तो थांबला. पावआटा म्हणाला, "लिहा. दर सोमवारी सव्वादोन फेरे."

तपासनीसानं कागद चाळून एक पान वर काढलं. पावआट्याच्याच सहीचं. "हे तुमचंच ना?"

"माझंच."

"मग हे खोटं आहे असं लिहू का? तसं असेल तर मला हे इथंच थांबवून वर कळवावं लागेल. मग तुमच्यावर, फोरमनवर, सगळ्यांवर येईल."

फोरमन दारात होता. वेल्डिंगचे तीन-चार जण खिडकीत. पावआट्यानं इंजिनाकडे बघितलं. मग म्हणाला, "तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

तपासनीसानं लिहिलं: कारण समजले नाही.

पावआट्यानं पाच उघडली आणि पाच बंद केली. पाचही तशीच. शेवटच्या दिवशी चारला बोल्ट आवळून झाले, साडेचारला साहेबांनी हार घातला आणि दोन शब्द बोलले. दोनच बोलले, ते बरं केलं. उरलेली नऊ आम्ही उघडली. चौदा कागदांवर एकच वाक्य.

आता यावर कुणाला वाटेल की गाड्या सुटल्या. तसं झालं नाही. समितीला नवा प्रश्न पडला. सहा वर्षं न फिरवलेल्या इंजिनांना गंज का नाही? त्यासाठी उपसमिती नेमली. त्यांनी शेड नंबर चारची हवा मोजली, फरशी मोजली, पत्रे मोजले. सात महिन्यांनी अहवाल आला. शेडमधली हवा यंत्रसामग्री साठवायला असाधारण योग्य आहे. इथं ठेवलेलं इंजिन फिरवावं लागत नाही. तेव्हा निर्णय प्रलंबित असलेल्या आणखी आठ गाड्या दुसऱ्या ठिकाणाहून याच शेडमध्ये हलवाव्यात आणि हवेचा परिणाम शुद्ध राहावा म्हणून त्यांना हात लावू नये.

त्या शेडच्या पत्र्याला माझ्या मुठीएवढं भोक होतं.

हे सांगायला मी त्याच्या घरी गेलो. मनात होतं की हसेल. तो हसला नाही. गाड्या कुठल्या बनावटीच्या विचारलं. मी सांगितलं. म्हणाला, त्यांचं इंजिन मागं असतं, झाकणापर्यंत जायला खाली झोपावं लागेल, एकाला चाळीस मिनिटं धर. मग विचारलं, "कोण फिरवतंय?"

"कुणी नाही. हुकूम आहे."

"आणि त्या चौदा?"

"त्यांनाही नाही."

त्यानं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "माझ्या सहीनं हवा चांगली ठरली."

त्यानं मुलीकडून कागद मागून घेतला आणि तिथंच पत्र लिहायला बसला. समितीच्या नावानं. आधीचा कागद खोटा होता. इंजिनं मी फिरवली. दर सोमवारी, एका इंजिनाला अठरा ओढी. शेडच्या हवेचा काही संबंध नाही, आत ठेवलेल्या सगळ्या गाड्या ताबडतोब फिरवाव्यात. मुलीनं विचारलं, बाबा, पेन्शन थांबवली तर? तो म्हणाला, थांबवायचं ठरवायलासुद्धा त्यांना दहा वर्षं लागतील.

लिहिता लिहिता तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं त्या वर्षी सहा सोमवार मी केले होते. तेवढ्यापुरती सही तू कर, म्हणाला. माझं काम नाही ते माझ्या नावावर नको.

मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे. रागावला नाही. त्यानं लिहिलं: यातले सहा सोमवार दुसऱ्या फिटरनं केले, त्याचं नाव सांगता येत नाही.

चार महिन्यांनी उत्तर आलं. त्याचं पत्र मिळालं होतं. परंतु सहा सोमवारांबाबत माहिती अपुरी आहे, सदर काम कोणी केले हे त्या व्यक्तीच्या सहीनिशी कळवावे, त्याशिवाय पत्राचा विचार करता येणार नाही.

उत्तर त्यानं मला दाखवलं. वाच म्हणाला. वहिनींनी चहा आणला. मी तो घेतला आणि घरी आलो.

निवृत्त झालो त्याच आठवड्यात मी सही करून पत्र पाठवलं. मधली दोन वर्षं मी रोज त्या शेडवरून गेलो. पहार माझ्या टेबलाखाली होती.

माझं पत्र पोचलं. या वेळी महिन्याभरात माणूस आला आणि आठांपैकी एक इंजिन उघडलं. मी बाहेरचा झालो होतो, पण फोरमननं फाटकावर सांगून मला आत घेतलं. हेड निघालं तेव्हा मी तिथंच होतो. पाहिलं आणि तिथून सरळ पावआट्याकडे गेलो.

तो ओट्यावर बसला होता. मला लांबूनच बघून त्यानं ओळखलं असावं. तरी विचारलं.

"गंज कुठल्या सिलिंडरला?"

"सहाही," मी म्हणालो.